आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा कोकणातल्या रस्त्यांवर कितपत उपयोगी?

प्रश्न – शृंगारतळी

सप्रेम नमस्कार. आम्ही गुहागर तालुक्यात राहतो; चिपळूण, कुंभार्ली घाटातून कऱ्हाड आणि अधूनमधून मुंबई असा आमचा प्रवास असतो. नवी गाडी घ्यायची आहे. तिच्या वरच्या व्हेरियंटमध्ये समोर अडथळा आल्यास आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा आहे आणि ती असली की धडकेची काळजीच मिटते, असे विक्रेता सांगतो. वडील वयस्कर असूनही गाडी स्वतःच चालवतात, म्हणून जास्तीचे पैसे मोजायची तयारी आहे. पण घाटातली वळणे, आपला पाऊस आणि संध्याकाळी रस्त्यातच बसकण मारणारी गुरे यांच्यापुढे ही यंत्रणा कुठे कमी पडते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ – गडगा

काळजी मिटते, असे उत्पादक स्वतः कुठेही लिहून देत नाही. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत यंत्रणेच्या मर्यादांचीच पानेच्या पाने असतात आणि ती गाडी घेण्याआधी मागून वाचावीत.

सहसा पुढच्या काचेमागे एक कॅमेरा आणि बंपरपाशी ७७ गिगाहर्ट्झचा रडार असतो, काही गाड्यांत नुसताच कॅमेरा. चालत्या वाहनाचा वेग रडार अचूक टिपतो, परंतु थांबलेला ट्रक, पुलाचा कठडा आणि रस्त्याकडेचा फलक हे सारेच त्याला स्थिर दिसत असल्यामुळे, विनाकारण ब्रेक लागू नये म्हणून स्थिर वस्तूंच्या बाबतीत तो बिचकत वागतो आणि निर्णयाचा भार कॅमेऱ्यावर पडतो. रात्री मागचे दिवे बंद ठेवून कडेला उभा असलेला चिऱ्याचा ट्रक म्हणूनच अवघड. नागमोडी वळणावर तर दोघेही नाकासमोर पाहत असतात. वळणापलीकडची म्हैस त्यांच्या टप्प्यात येते तेव्हा अंतर उरलेले नसते.

गुरांचे म्हणाल, तर माणूस, दुचाकी आणि मोटार ओळखायला ही यंत्रणा शिकवलेली असते, जनावरांची हमी क्वचितच दिली जाते. मोठी जनावरे ओळखणाऱ्या व्हॉल्वोच्या यंत्रणेचाही ऑस्ट्रेलियात कांगारूच्या उड्यांमुळे अंतराचा अंदाज चुकत असल्याचे २०१७ मध्ये कंपनीनेच सांगितले होते. आडव्या येणाऱ्या वाहनांचेही तसेच. मे २०१६ मध्ये फ्लोरिडात टेस्लाची गाडी आडव्या जाणाऱ्या ट्रेलरखाली शिरून चालक दगावला. आडवी वाहतूक ओळखण्यासाठी ती यंत्रणा बनवलेलीच नव्हती. वाडीतून थेट महामार्गावर येणारे आपले रस्ते आठवून पाहा.

उत्तर २ – लांजेकर

वरील उत्तरात पावसाचा भाग राहिला. ब्रेक कोणीही लावला, तरी गाडी थांबवायची टायरनेच. ताशी ८० किलोमीटर वेगात कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर गाडी साधारण ३२ मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर टायर झिजलेले असतील आणि पकड निम्मी झाली असेल, तर ६३ मीटर लागतात. समजा यंत्रणेने ४० मीटरवर पूर्ण ब्रेक लावला, तर कोरड्यात आपण सुटतो आणि ओल्यात जवळजवळ ४८ च्या वेगाने आदळतो. जुलैत तर वायपर काच पुसेपर्यंत कॅमेऱ्याला काही दिसत नाही, बंपरवर लाल चिखलाचा थर चढतो आणि यंत्रणा तात्पुरती बंद असल्याचा संदेश झळकतो, तोही नेमका गरज असते तेव्हा!

आणखी एक. बांबू भरलेल्या टेम्पोच्या मागे चारेक हात बाहेर आलेली टोके आणि त्यांना बांधलेले लाल फडके आपल्याला दिसते. यंत्रणा मात्र टेम्पोच्या फळीपर्यंतचे अंतर मोजत बसण्याची शक्यता असते.

उत्तर ३ – वाशिष्ठीकाठ

दोघांचेही पटते, तरी मी ही यंत्रणा घ्या असेच म्हणेन. संयुक्त राष्ट्रांच्या १५२ क्रमांकाच्या नियमात पुढच्या वाहनासाठी ती किमान ताशी १० ते ६० किलोमीटर या टप्प्यात चालावी अशी अट आहे आणि चाचण्या सपाट, कोरड्या रस्त्यावर होतात. म्हणजे चिपळूणच्या बाजारपेठेत पुढची रिक्षा अचानक थांबली, तर तिचा उपयोग आहे. घाटासाठी म्हणून पैसे मोजू नयेत.

वडिलांच्या संदर्भात एक गोष्ट मात्र महत्त्वाची आहे. चालकाने ॲक्सिलरेटर जोरात दाबला किंवा स्टिअरिंग झटक्यात वळवले, तर त्याचा तसाच हेतू आहे असे मानून अनेक गाड्यांत यंत्रणा माघार घेते. उतारवयात ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पाय पडण्याची गल्लत होते, आणि नेमक्या त्याच प्रसंगी ती मदतीला येईलच असे नाही.

शृंगारतळी

सर्वांचे आभार. घाटात ती बंद ठेवता येते का? आणि काच फुटून बदलावी लागली, तर कॅमेऱ्याचे काय?

लांजेकर

बहुतेक गाड्यांत बंद करता येते, पण इंजिन पुन्हा सुरू केले की ती बहुधा आपोआप चालू होते. निव्वळ इशारा उशिरा यावा एवढाच बदल हवा असेल, तर त्याची वेगळी सेटिंग असते. काच बदलल्यावर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. ती सोय आपल्या जवळच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आहे, की त्यासाठी कोल्हापूर गाठावे लागेल, हे बुकिंगपूर्वी लेखी विचारून घ्या. विमा त्या खर्चासकट काच भरून देतो का, हेही त्याच वेळी विचारावे.