‘मॉर्टिफाइड’ म्हणजे नुसती लाज का?

गोदाकाठ

नाशिकला स्टाफ नर्स आहे. आयर्लंडला जायचंय म्हणून ओईटीची, म्हणजे आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठी असलेल्या इंग्रजी परीक्षेची, तयारी चालू आहे. लिसनिंगच्या पार्ट ए मध्ये पेशंटचं बोलणं ऐकून अर्धवट टिपणं पूर्ण करायची असतात. सरावाच्या एका ऑडिओत एक आजीबाई सांगतात की खोकला आला की लघवी थांबत नाही, एकदा दुकानात रांगेत उभ्या असतानाच कपडे ओले झाले. पुढे म्हणतात, ‘आय वॉज मॉर्टिफाइड’.

मोबाइलमधल्या कोशात याचा अर्थ ‘लज्जित’ दिलाय. घरातल्या जुन्या कोशात त्याच शब्दाला ‘इंद्रियदमन करणे’ आणि ‘मांस कुजणे’ असेही अर्थ आहेत. या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध? आणि ‘अशेम्ड’, ‘एम्बॅरस्ड’ असताना हा शब्द नेमका कधी वापरतात?

सातारकर मास्तर

तुमचा जुना कोश बरोबर आहे. लॅटिनमध्ये ‘मॉर्स’ म्हणजे मृत्यू. त्यावरून ‘मॉर्टिफाय’चा मूळ अर्थ ठार करणे. मॉर्च्युअरी आणि पोस्टमॉर्टेम हे त्याच घरातले, आणि आपला ‘मृत्यू’ही त्याच मूळ धातूचा. जखमेतलं मांस मेलं की जुने सर्जन ‘मॉर्टिफिकेशन’ म्हणत, आज आपण गँगरीन म्हणतो. वासना मारणं हा धार्मिक अर्थ. लाजेचा अर्थ 17व्या शतकात रुळला, आणि आज बोलण्यात तोच उरलाय.

वापराचं थोडक्यात सांगतो. हातून चूक घडली आणि मनाला टोचली, तर ‘अशेम्ड’. चारचौघांत ओशाळल्यासारखं झालं, तर ‘एम्बॅरस्ड’. दुसऱ्या कुणी मुद्दाम पाणउतारा केला, तर ‘ह्युमिलिएटेड’. ‘मॉर्टिफाइड’ म्हणजे ओशाळण्याची परिसीमा. शब्दच टोकाचा असल्यामुळे त्याला ‘व्हेरी’ सहसा लावत नाहीत, ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ लावतात. माणूस ‘मॉर्टिफाइड’ होतो, प्रसंग ‘मॉर्टिफाइंग’ असतो. उच्चारात जोर पहिल्या ‘मॉर’वर. भीतीसाठी मात्र हा शब्द वापरू नका, तिथे ‘पेट्रिफाइड’ किंवा ‘टेरिफाइड’. इंग्रजी मातृभाषा असलेलेही ही गल्लत करतात.

वसईवाला

इंद्रियदमनाच्या अर्थाबद्दल थोडी भर. 1611 च्या इंग्रजी बायबलात, कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, ऐहिक वासना मारून टाका असं सांगताना हेच क्रियापद आलंय. आमच्याकडे राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ सुरू होतो, त्यात मांसाहार सोडणं, आवडीची वस्तू सोडणं हे सगळं त्याच जातीचं. इंग्रजी धर्मग्रंथांत अजून या अर्थानं शब्द भेटतो. तुमच्या परीक्षेत भेटणार नाही.

लिफीकाठ

गोदाकाठताई, मी डब्लिनला वॉर्डात काम करते. हा शब्द इथे रोज कानावर पडतो. तरुण मुली त्याचा ‘मॉर्टो’ करतात, नाहीतर ‘आयम स्कार्लेट’ म्हणतात, म्हणजे लाजेनं लालबुंद झाले. त्यांच्या तोंडी तो हलका असतो. बसमध्ये चुकीच्या माणसाला हाक मारली तरी ‘मॉर्टो’!

म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तसा नसतो. रात्री बेल वाजते, जाऊन बघावं तर आजी चादर हनुवटीपर्यंत ओढून पडलेल्या, तोंड भिंतीकडे. ‘आयम मॉर्टिफाइड, लव्ह.’ अंथरूण ओलं झालेलं असतं. मास्तरांनी सांगितलेला फरक इथे अगदी लख्ख दिसतो. त्यांच्या हातून काही पाप झालेलं नाही, म्हणून त्या ‘अशेम्ड’ म्हणत नाहीत. आपल्याला या अवस्थेत कुणीतरी पाहिलं, हे त्यांना सहन होत नाही. आपल्याकडे ‘मेल्याहून मेल्यासारखं झालं’ म्हणतात, तेच हे. ‘लाज वाटली’ एवढंच समजलात तर त्यातली अर्धी कळ सुटते.

आपल्याकडचे पेशंट बहुधा शब्दानं बोलत नाहीत. मुलगा खोलीबाहेर जाईपर्यंत कळ काढतात, आणि मग ‘तुला त्रास गं बाई’ म्हणतात. दुखणं तेच.

एक गोष्ट मनापासून सांगते, परीक्षेसाठी नाही, कामासाठी. पेशंटनं हा शब्द वापरला की तो लक्षणासारखा घ्या. लाजेपोटी माणसं पाणी पिणं कमी करतात, बाहेर जाणं सोडतात. पाणी कमी झालं की बद्धकोष्ठ होतं, लघवीचा संसर्ग होतो, आणि म्हाताऱ्या माणसाला तेवढ्यानंही भ्रम होऊ शकतो. म्हणून आधी पडदा ओढायचा, अंगावर कोरडं काहीतरी घालायचं, मग अंथरुणाला हात लावायचा. आवाज शेजारच्या खाटेपर्यंत जाता कामा नये. माणूस जरा सावरला की हळूच विचारायचं, यामुळे पाणी कमी पिताय का, बाजारात जाणं सोडलंय का. हे आपण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

गोदाकाठ

ताई, वाचून एकदम आमच्या वॉर्डातल्या दोन-तीन आजी डोळ्यांसमोर आल्या. सर, तुमचेही आभार. आता दोनच शंका. त्या असं म्हणाल्या की आपण उत्तर काय द्यायचं? आणि केसपेपरवर ‘पेशंट मॉर्टिफाइड’ असं लिहायचं का?

लिफीकाठ

इथे सगळे म्हणतात ते ‘यू आर ग्रँड, डोन्ट बी वरीइंग’. इथलं ‘ग्रँड’ म्हणजे आपलं ‘काही नाही हो, ठीक आहे’. ‘सगळ्यांचंच होतं असं’ हे मात्र मी लगेच म्हणत नाही. त्या क्षणी त्यांना सगळ्यांचं काही पडलेलं नसतं, आणि आपण विषय झटकला असं वाटतं. आधी काम उरकायचं, तेही इकडच्या तिकडच्या गप्पा मारत.

ओईटीच्या रिकाम्या जागेत पेशंटनं वापरलेला शब्दच लिहा, अर्थ सांगत बसू नका. स्पेलिंग पक्कं करा. खऱ्या नोंदीत आपल्या पदरचं विशेषण नको. पेशंट काय म्हणाला ते अवतरणात लिहायचं आणि त्याखाली आपण पाहिलेलं: अंथरूण ओलं, त्वचा शाबूत, कपडे बदलले, किती पाणी प्यायल्या. पुढच्या पाळीच्या सिस्टरला त्या अवतरणावरून कळतं की या आजींशी हळू आवाजात बोलायचंय.