‘कोणत्याही मार्गाने’ म्हणजे नेमके किती मार्गांनी? (द्विचल फलनाची सीमा)

शब्दवेडी

बी.एस्सी.च्या मुलांसाठी बहुचल कलनाची टिपणे मराठीत करते आहे. एका वाक्यापाशी गाडी अडली आहे. वाक्य असे:

‘बिंदू (क्ष, य) कोणत्याही मार्गाने (०, ०) कडे गेला असता फलनाची किंमत ल या संख्येकडे जात असेल, तर ल ही त्या फलनाची (०, ०) पाशी सीमा होय.’

दोन मुलांना वाचायला दिले. दोघांनीही य = क्ष ही रेषा घेतली, त्या रेषेवरची किंमत काढली आणि ‘सीमा मिळाली’ म्हणून उत्तराखाली दोन रेघा मारून मोकळे झाले. विचारले तर म्हणे, ‘कोणत्याही मार्गाने असंच लिहिलंय ना, मग आम्ही हा घेतला.’ त्यांना काय बोलणार?

तर ‘कोणत्याही’ला दुसरा शब्द सुचवा. शिवाय ‘लिमिट’साठी ‘सीमा’ ठेवावे की ‘मर्यादा’ करावे, यावरही मत हवे आहे. मला ‘मर्यादा’ जरा जवळचा वाटतो.

काठावर पास

मुलांची बाजू घेतो, ताई. मीही तेच केलं असतं. आमच्या इंजिनिअरिंगला हा प्रश्नच नव्हता, ‘लिमिट एक्झिस्ट करत नाही’ हे आमच्याकडे अख्खं मराठी वाक्य होतं. दोन वाटांनी दोन उत्तरं आली की एवढं लिहायचं आणि पुढच्या गणिताकडे वळायचं. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं तर काय करायचं, ते मात्र कधी नीट कळलं नाही.

फावला वेळ

‘कोणताही’ हा दुहेरी शब्द आहे. त्याचा अर्थ क्रियापद ठरवते.

‘कोणतीही स्लो लोकल पकड.’ इथे एकच गाडी पकडून काम भागते, निवड तुमची. ‘कोणतीही स्लो लोकल दादरला थांबते.’ इथे एकूण एक गाड्यांबद्दल विधान आहे. शब्द तोच, पण आज्ञा असली की ‘हवी ती एक’ आणि विधान असले की ‘झाडून सगळ्या’. नकार आला की तिसरीच तऱ्हा: ‘कोणतीही लोकल थांबत नाही’ म्हणजे एकही नाही.

पाठ्यपुस्तकातली वाक्ये आज्ञा आणि विधान यांच्या मधोमध असतात. ‘कोणत्याही मार्गाने गेला असता’ हे सूचनेसारखे ऐकू येते, म्हणून मुले एक मार्ग निवडतात. पण बघा, आपल्याकडे याला घरचाच उपाय आहे. ‘असता’ किंवा ‘तर’ काढा आणि ‘तरी’ घाला. ‘कोणीही आला तर मला उठव’ यात एक जण आला की पुरे. ‘कोणीही आला तरी मला उठवू नकोस’ यात जगातले सगळे आले. ‘तरी’ने निवडीची वाट बंद होते.

तेव्हा: ‘बिंदू कोणत्याही मार्गाने गेला तरी किंमत ल याच संख्येकडे जात असेल, तर…’

एका अक्षराचे काम आहे. शब्दकोश उघडायची गरज नाही.

खडूफळा

‘तरी’ची दुरुस्ती मान्य, एकदम मान्य. पण वाक्य सुधारले म्हणून धोका टळत नाही, कारण मुलांच्या मनात ‘मार्ग’ म्हणजे सरळ रेषा. बरीच वर्षे हा विषय शिकवला आहे, म्हणून थोडे लांबण लावतो.

आधी नेहमीचे उदाहरण: क्ष·य/(क्ष² + य²). (मधला टिंब विसरू नका, नाहीतर अंशस्थानी क्षय होतो.) य = म·क्ष ही रेषा घ्या (म हा तिचा चढ). वरखाली क्ष² जाते आणि उरते म/(१ + म²). म्हणजे क्ष-अक्षावरून आलात तर ०, य = क्ष वरून आलात तर १/२, य = २क्ष वरून २/५, य = −क्ष वरून −१/२. प्रत्येक रेषेवर किंमत स्थिर आणि प्रत्येक चढाला वेगळी. सीमा नाही, विषय संपला. इथे दोन वाटा पुरतात.

खरी गोम पुढच्यात आहे: क्ष²·य/(क्ष⁴ + य²).

य = म·क्ष घातले की म·क्ष/(क्ष² + म²) येते. म शून्य नसेल तर हे शून्याकडे जाते. म शून्य असेल तर मुळातच शून्य. उभ्या य-अक्षावरही शून्य. म्हणजे आरंभबिंदूतून जाणारी एकही सरळ रेषा सुटली नाही आणि सगळ्यांचे उत्तर एकच, शून्य. परीक्षेत निम्मा वर्ग इथे ‘म्हणून सीमा ०’ लिहितो. आता य = क्ष² या अन्वस्तावरून (पॅराबोलावरून) या. क्ष⁴/(२क्ष⁴), म्हणजे १/२. सगळ्या रेषा शून्य म्हणतात आणि एक साधा अन्वस्त अर्धा म्हणतो. सीमा नाही.

हे कसे होते ते आकड्यांनी पाहा. (०.०१, ०.०१) या बिंदूवर किंमत जेमतेम ०.०१ आहे. (०.०१, ०.०००१) वर थेट ०.५. आणि हा दुसरा बिंदू आरंभबिंदूच्या पहिल्यापेक्षा जवळ आहे! जवळ येऊनही किंमत खाली यायला तयार नाही.

अजून एक बघा, हे फळ्यावर सहसा कोणी दाखवत नाही. य = म·क्ष या रेषेवर क्ष = म ठेवलेत की किंमत म²/(२म²), म्हणजे १/२ येते. म कितीही छोटा घ्या. ०.००१ चढाच्या रेषेवरून आत येणारा माणूस आरंभबिंदूपासून सुमारे ०.००१ अंतरावर असताना ०.५ वर उभा असतो, त्यानंतर घसरून शून्याकडे जातो. प्रत्येक रेषा शेवटी शून्यावर पोचते खरी, पण चढ जितका कमी तितकी उशिरा. प्रत्येक रेषेला तिची तिची डेल्टा (म्हणजे ज्या अंतराच्या आत किंमत सीमेच्या हवी तितकी जवळ राहते ते अंतर) मिळते, सगळ्यांना मिळून पुरेल अशी एक डेल्टा मिळत नाही.

म्हणून सांगतो, व्याख्येत मार्ग आणूच नका. सगळ्या वक्ररेषा धरल्या तर तुमचे वाक्य खोटे नाही, पण सगळ्या तपासणार कोण? मार्ग हे सीमा नाकारायचे हत्यार आहे, सिद्ध करायचे नाही.

फावला वेळ

म्हणजे व्याकरणाच्या भाषेत तुमचा सगळा वाद ‘प्रत्येक’ आणि ‘एखादी’ यांच्या क्रमाचा आहे. ‘प्रत्येक रेषेसाठी एखादी डेल्टा’ आणि ‘एखादी अशी डेल्टा, की जी प्रत्येक रेषेला चालेल’. मराठीत पदांचा क्रम सैल असतो, म्हणून ‘प्रत्येक रेषेला चालेल अशी डेल्टा सापडते’ असे लिहिले तर एक डेल्टा की अनेक, ते कळतच नाही. क्रियापद वाक्याच्या टोकाला जाते आणि मधल्या ‘अशी’ला कोणाचा हात धरावा ते समजत नाही.

आणि काठावर पास यांच्या ‘एक्झिस्ट करत नाही’बद्दल: ‘प्रत्येक मार्गाने एकच किंमत’ याचा नकार ‘कोणत्याही मार्गाने किंमत नाही’ असा होत नाही. ‘निदान दोन मार्गांच्या किमती वेगळ्या, किंवा एखाद्या मार्गाला किंमतच नाही’ असा होतो. टिपणात हे एकदा स्वच्छ लिहा. ‘सीमा नाही’ म्हणजे काहीच सापडले नाही असे मुलांना वाटते. खरे तर बहुतेक वेळा जास्तच सापडलेले असते.

शब्दवेडी

खडूफळा सर, मनापासून आभार. क्ष = म ची गंमत टिपणात घालते आहे. मग मार्ग वगळून असे लिहू का?

‘दिलेली धन संख्या एप्सिलॉन कितीही लहान असो, तिच्यासाठी एखादी धन संख्या डेल्टा अशी सापडते, की (०, ०) पासून डेल्टापेक्षा कमी अंतरावर असलेल्या एकूण एक बिंदूंवर फलनाची किंमत आणि ल यांतील फरक एप्सिलॉनपेक्षा कमी राहतो.’

‘कोणताही’ पूर्ण गाळला आहे. ‘दिलेली’, ‘एखादी’ आणि ‘एकूण एक’ असे तीन वेगळे शब्द तीन वेगळ्या कामांना घेतले.

आणखी एक शंका. मुलांना ध्रुवीय निर्देशकांची सवय आहे. क्ष = र·कोज्या थीटा, य = र·ज्या थीटा (कोज्या म्हणजे कोसाइन, ज्या म्हणजे साइन, र हे (०, ०) पासूनचे अंतर) घालायचे आणि र शून्याकडे न्यायचा. तिथे वाट येतच नाही ना?

काठावर पास

‘एकूण एक बिंदूंवर’ मध्ये खुद्द (०, ०) पण आला की! तिथे तर फलनाची व्याख्याच नाही. ‘(०, ०) वगळता’ घाला.

खडूफळा

काठावर नव्हे, चांगले पास झाला आहात. ‘(०, ०) वगळता’ हवेच. शिवाय फलनाचा प्रांत (ज्या बिंदूंवर फलनाची व्याख्या आहे ते सगळे बिंदू) म्हणजे सगळे प्रतल नसेल तर ‘प्रांतातल्या’ हाही शब्द हवा. बाकी वाक्य मी जसेच्या तसे फळ्यावर लिहीन. ‘एकूण एक’ फार छान.

आता हे वाक्य वापरायचे कसे तेही दाखवा, नाहीतर मुले पाठ करतात आणि सोडून देतात. क्ष²·य/(क्ष² + य²) घ्या. क्ष² हा नेहमीच क्ष² + य² पेक्षा लहान किंवा त्याएवढा, म्हणून अपूर्णांकाचे केवल मूल्य (चिन्ह सोडून उरणारी किंमत) य च्या केवल मूल्यापेक्षा जास्त नाही. आणि य चे केवल मूल्य आरंभबिंदूपासूनच्या अंतरापेक्षा जास्त नाही. तेव्हा डेल्टा = एप्सिलॉन घ्या, काम झाले. एप्सिलॉन ०.००१ मागितला तर ०.००१ त्रिज्येच्या वर्तुळात कुठेही उभे राहा. एकही वाट चालावी लागली नाही.

ध्रुवीय निर्देशकांत हेच र·कोज्या²थीटा·ज्या थीटा होते आणि थीटा काहीही असला तरी ते र च्या आत राहते. ‘थीटा काहीही असला तरी’ हे महत्त्वाचे. मघाच्या फसव्या फलनात ध्रुवीय निर्देशक घालून बघा: र·कोज्या²थीटा·ज्या थीटा/(र²·कोज्या⁴थीटा + ज्या²थीटा). थीटा स्थिर धरून र शून्याकडे नेला की उत्तर शून्य. पण थीटा स्थिर धरणे म्हणजे सरळ रेषेवरून जाणेच! वेश बदलला, माणूस तोच. थीटा नसलेली, फक्त र ची कमाल मर्यादा हातात आली तरच मानायचे.

या सापळ्यात लहानसहान माणसे पडलेली नाहीत. फ्रेंच गणिती कोशीने १८२१ साली, पॅरिसच्या इकोल पॉलिटेक्निकमधल्या अध्यापनासाठी लिहिलेल्या पुस्तकात, फलन प्रत्येक चलात वेगवेगळे संतत (कंटिन्युअस) असेल तर ते सर्व चलांत मिळून संतत असते असे प्रमेयच दिले आहे. वरचे पहिले उदाहरण, (०, ०) ला किंमत शून्य धरून, ते मोडून काढते: दोन्ही अक्षांवर निमूट शून्य, तिरपे गेलात की अर्धा. आणि रेषांना फसवणारे उदाहरण तुरीनच्या पेआनो या इटालियन गणितीने दिले. त्याचे प्राध्यापक जेनोक्की यांच्या व्याख्यानांवरून त्याने सिद्ध केलेल्या १८८४ च्या पुस्तकात ते आहे. तिथे क्ष आणि य यांची अदलाबदल केलेली आहे इतकेच.

फावला वेळ

‘मर्यादा’ नको. सरांच्या शेवटच्या उत्तरातच बघा, ‘र ची कमाल मर्यादा’ आले. फलन ‘मर्यादित’ आहे म्हणजे त्याच्या किमती एका आवाक्यात आहेत. क्ष·य/(क्ष² + य²) हे फलन मर्यादित आहे, त्याची किंमत −१/२ ते १/२ यांच्या बाहेर जात नाही, पण त्याला सीमा नाही. दोन्हींना ‘मर्यादा’ म्हटलेत तर ‘मर्यादित फलनाला मर्यादा नाही’ असे लिहावे लागेल.

‘सीमा’लाही एक अडचण आहे आणि ती दोन चलांतच जाणवते. प्रांताच्या कडेलाही आपण सीमाच म्हणतो. √(१ − क्ष² − य²) हे फलन एकक वर्तुळात आणि वर्तुळावर आहे. मग ‘प्रांताच्या सीमेवरील बिंदूपाशी फलनाची सीमा ० आहे’ असे वाक्य होते. बरोबर आहे, पण वाचणाऱ्याने एकदा मागे जाऊन यायचे. मी प्रांताच्या कडेला ‘हद्द’ सुचवतो.

काठावर पास

हद्द म्हटलं की पोलीस स्टेशन आठवतं. ‘सदर बिंदू आमच्या हद्दीत येत नाही.’

खडूफळा

उलट तोच अर्थ हवा आहे! हद्दीवरच्या बिंदूपाशी सीमा काढताना हद्दीबाहेरचे बिंदू विचारात घ्यायचे नाहीत. ‘हद्द’ला माझे मत.

शब्दवेडी

हद्द पक्की. शेवटचे एक. आधी क्ष ला शून्याकडे न्यायचे, मग य ला, अशा सीमांना काय म्हणू? आणि त्याउलट जी खरी सीमा, तिथे ‘दोन्ही चल एकाच वेळी शून्याकडे जातात’ असे लिहिले आहे. चालेल?

फावला वेळ

पहिल्याला ‘पाठोपाठच्या सीमा’. ‘पुनरावृत्त’ वगैरे नको, तिथे कशाची पुनरावृत्ती होत नाही.

खडूफळा

‘पाठोपाठच्या’ उत्तम. ‘एकाच वेळी’ काढा. तिथे वेळ नाही आणि कोणी चालतही नाही. मुलांना वाटते दोघे पावलाला पाऊल लावून येताहेत, म्हणजे परत य = क्ष. ‘बिंदू (क्ष, य) हा (०, ०) कडे जातो’ एवढेच पुरे. बिंदू एक आहे, चल दोन.

पाठोपाठच्या सीमांवर तीन उदाहरणे घाला, जास्त नको. (क्ष − य)/(क्ष + य) मध्ये आधी य शून्याकडे नेला तर उत्तर १, आधी क्ष नेला तर −१. क्ष·य/(क्ष² + य²) मध्ये दोन्ही क्रमांनी शून्य येते, तरी सीमा नाही. आणि क्ष·ज्या(१/य) मध्ये उलटे: केवल मूल्य क्ष च्या केवल मूल्याच्या आत राहते म्हणून सीमा ० आहे, पण क्ष शून्य नसताना आधी य ला शून्याकडे न्यायला गेलात तर ज्या(१/य) एका जागी ठरत नाही आणि ती पाठोपाठची सीमा निघतच नाही. या तिसऱ्याचा प्रांत लिहायला विसरू नका, य = ० ही अख्खी रेषा त्यातून वगळलेली आहे.