‘गायडिंग’ला मराठीत काय म्हणायचं? ‘मार्गदर्शन’ काय पटंना

रंकाळा_रात्रपाळी:
मंडळी, एक शब्द अडलाय. आपल्या कोल्हापुरातल्या नवीन पोरांसाठी दुर्बिणीतनं आकाशाचे फोटो काढताना ऑटोगायडर (ताऱ्यावर नजर ठेवून दुर्बीण जाग्यावर ठेवणारा छोटा कॅमेरा) कसा लावायचा हे मराठीत लिहून काढायलोय. एका जुन्या टिपणात गाइड स्टारला ‘मार्गदर्शक तारा’ म्हटलंय. ते वाचून एक पोरगं विचारतंय, “म्हणजे ह्यो तारा दुर्बिणीला देवयानी दीर्घिका कुठाय ते दाखवतोय व्हय?” आता काय सांगायचं त्याला. दुसरा शब्द सुचवा की.

उद्यमनगरी:
पोरगं बरोबर बोललं बघ. मार्गदर्शन म्हटलं की पुढचा रस्ता दाखवणं, आणि गायडर तसलं काहीच करत नाही. आधी दोन कामं वेगळी कर. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत एक फेरी मारते, माउंटची (दुर्बीण ज्याच्यावर बसवतात त्या फिरत्या स्टँडची) मोटर त्याच वेगानं उलटं फिरते, सेकंदाला साधारण १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), हे झालं ट्रॅकिंग, त्याला ‘माग ठेवणं’ म्हण. पण माउंटातला वर्म (मळसूत्रासारखा गिअर) काय शंभर टक्के गोल नसतोय, त्यामुळं प्रत्येक फेऱ्यात तो थोडा पुढं पळतो थोडा मागं रेंगाळतो, आणि मोठ्या एक्स्पोजरला तारे लांबट येतात. गायडिंग हे त्याच्या नंतरचं काम. छोट्या दुर्बिणीवरचा कॅमेरा दर दोनेक सेकंदांनी एका ताऱ्याचा फोटो काढतो, तारा जाग्यावरनं हलला की माउंटला तेवढाच मागं ओढतो. बैल आपल्या पायानं चालतच असतोय, तास सोडायला लागला की कासरा ओढायचा, एवढंच. म्हणून मी म्हणतो गायडिंगला ‘सावरणं’ आणि गाइड स्टारला ‘खुणेचा तारा’. तारा वाट दाखवत नाही, तो नुसती खूण आहे.

पंचांगवाला:
‘खुणेचा तारा’ आवडला. आरएला (आकाशातलं पूर्व-पश्चिम माप) विषुवांश आणि डेकला (उत्तर-दक्षिण माप) क्रांती हे शब्द आहेतच, नवीन पाडू नका. खरा घोळ ‘ध्रुव’ शब्दात आहे, त्यावर कोणी बोलत नाही. पोलर अलाइनमेंटला (माउंटचा अक्ष ध्रुवाकडं रोखण्याला) सगळे ‘ध्रुव जुळवणं’ म्हणतात आणि नवखा माणूस ध्रुवतारा बरोब्बर मधे आणून मोकळा होतो, कारण लहानपणापासून ऐकलेलं असतं की ध्रुव अढळ. तो अढळ नाही हो, खऱ्या ध्रुवबिंदूपासून (ज्याच्याभोवती सगळं आकाश फिरताना दिसतं तो बिंदू) तो अर्ध्या अंशापेक्षा जास्त लांब आहे, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षाही जास्त. म्हणून लिहिताना ‘ध्रुवतारा’ आणि ‘ध्रुवबिंदू’ हे दोन शब्द कटाक्षानं वेगळे ठेवा. आणि ध्रुवबिंदू चुकला तर गायडर सगळं सावरून घेईल असंही नाही, खुणेचा तारा तेवढा जाग्यावर राहील आणि बाकीचं चित्र त्याच्याभोवती हळूहळू फिरेल, कडेचे तारे कमानीसारखे येतील.

रंकाळा_रात्रपाळी:
हे तर लिहिलंच पाहिजे. आपल्याकडं अजून एक लफडं, अक्षांश १६.७ म्हणजे ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर. शहरातनं उत्तरेला धूर, उजेड, कोणाची तरी पाण्याची टाकी. गगनबावड्याला गेलं तर अंधार झकास पण मधे डोंगर.

उद्यमनगरी:
दिसत नसला तर ड्रिफ्टनं, म्हणजे तारा कुठल्या बाजूला सरकतोय ते बघून जुळवायचं, पीएचडी-टू ह्या गायडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं टूल आहे. (पीएचडी म्हणजे डॉक्टरकी नव्हं हां, मूळ नावाचा अर्थ ‘इथं दाब, येड्या’ असा आहे, आपल्या पोरांना लय आवडंल.) आणि कॅलिब्रेशनला ‘अंशांकन’ लिहू नको, कोणाला कळायचं नाही. तिथं सॉफ्टवेअर माउंटला पूर्वेला पश्चिमेला, मग उत्तरेला दक्षिणेला ढकलून बघतंय, कुठली बाजू दाबल्यावर तारा कॅमेऱ्यात कुठं सरकतो ते. ‘दिशा ओळखून घेणं’ लिही, पुरे. ते वैषुविक वृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोब्बर वरची आकाशातली रेषा) जवळ करायचं, ध्रुवाकडं तोंड करून केलं तर विषुवांशात तारा हलल्यासारखाच दिसत नाही आणि माप चुकतंय. थंडीत मृगातला त्रिकांड (ओळीतले तीन तारे) याम्योत्तर वृत्तावर (डोक्यावरनं जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) आला की करा, तो जवळजवळ वैषुविक वृत्तावरच आहे.

रंकाळा_रात्रपाळी:
आणि बॅकलॅश?

उद्यमनगरी:
ते आमच्याकडं सोड, लेथवाल्याला विचार, ‘प्ले’ म्हणतात. गिअरच्या दातांमधली मोकळी जागा. विषुवांशाची मोटर सतत एकाच बाजूला फिरते म्हणून तिथं प्ले फारसा नडत नाही, क्रांतीच्या अक्षाला मात्र दिशा बदलली की सॉफ्टवेअर ढकलतंय ढकलतंय आणि तारा हलंना, मग एकदम उडी. काहीजण ध्रुवबिंदू मुद्दाम किंचित चुकवतात म्हणजे तारा एकाच बाजूला सरकत राहतो आणि क्रांतीत एकाच दिशेनं सावरायला लागतंय. शहाणपणाची युक्ती आहे, पण लय चुकवायचं नाही.

मेनूइंग्लिशच:
एवढं सगळं मराठीत कशाला पण? सॉफ्टवेअरचा मेनू इंग्लिशमध्येच हाय, पोरगं ‘सावरणं’ शोधत बसंल बटणावर.

पंचांगवाला:
बटणाचं नाव बटणावर आहे तसंच राहू द्या. पण बटण दाबल्यावर काय होतं ते सांगताना ‘गायडिंग गाइड करतं’ असं लिहिणार का?

रंकाळा_रात्रपाळी:
मी असं करतो, वस्तू आणि बटणं इंग्लिश नावानं, क्रिया मराठीत. ऑटोगायडर ऑटोगायडरच, तो ‘खुणेच्या ताऱ्यावरनं माउंट सावरतो’. एक राहिलं, डिदरिंग? दोन फोटोंच्या मधे मुद्दाम दुर्बीण काही पिक्सेल हलवतात, म्हणजे कॅमेऱ्यातले खराब पिक्सेल, सगळे फोटो एकावर एक रचताना, एकाच जागी येत नाहीत.

उद्यमनगरी:
‘सरकवणं’ लिही. आणि पुढं ठळक अक्षरात घाल की सरकवल्यावर माउंट स्थिर होईपर्यंत पुढचा फोटो सुरू करायचा नाही, सॉफ्टवेअरला सेटल व्हायला वेळ द्यायचा.