इंधन सरकारनं बदललं, मग गाडीतल्या सॉफ्टवेअरचं कुलूप कंपनीकडेच का?

पाषाणकर

२०१८च्या जैवइंधन धोरणात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट २०३० सालचं होतं. २०२२मध्ये ते २०२५-२६वर आणलं आणि २०२५मध्ये गाठलंही. आज पंपावर साधं पेट्रोल मागितलं की ई-२० मिळतं. इथेनॉल चांगलं की वाईट यावर पुष्कळ भांडून झालंय. मला वेगळ्या गोष्टीवर बोलायचंय आणि त्यावर कुणी फारसं बोलत नाही, म्हणून हा धागा.

एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो पुरते. म्हणजे मिश्रण बदललं की तेवढ्याच हवेत जास्त इंधन सोडावं लागतं. किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, हे ईसीयूमधला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकातला, नकाशा ठरवतो. नकाशा म्हणजे सॉफ्टवेअर. एप्रिल २०२३च्या आधीच्या बहुतेक गाड्यांत तो ई-१० किंवा त्याहून कमी इथेनॉल धरून लिहिलेला आहे. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर फरक भरून काढतो, पण थंड इंजिन सुरू करताना आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर गाडी मुख्यतः त्या जुन्या नकाशावरच चालते. शिवाय ई-२०चा ऑक्टेन (इंधन अवेळी न पेटण्याची क्षमता) ९५ आहे, आधीच्या पेट्रोलचा ९१ होता. ठिणगी थोडी आधी टाकली तर गेलेल्या मायलेजपैकी काही परत मिळू शकतं. ते मिळवायला नकाशा बदलायला हवा, आणि नकाशाला कुलूप आहे.

नीती आयोगाच्या जून २०२१च्या अहवालात आकडे स्पष्ट दिलेत. शुद्ध पेट्रोलसाठी बनवून ई-१०साठी जुळवलेल्या चारचाकीचं मायलेज ई-२०वर ६ ते ७ टक्के घटेल, दुचाकीचं ३ ते ४ टक्के. ई-१०साठी बनवून ई-२०साठी जुळवलेल्या चारचाकीत घट फक्त १ ते २ टक्के. या दोन आकड्यांमधलं अंतर माझ्या खिशातून जातंय. त्यातला सुटे भाग आणि इंजिनच्या रचनेचा वाटा सोडून देतो, पण जुळवणीचा वाटा सॉफ्टवेअरचा आहे.

ब्राझीलचं उदाहरण बघा. २००३ साली तिथे पहिली फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे पेट्रोल आणि अल्कोहोल (इथेनॉल) कुठल्याही प्रमाणात चालणारी, गाडी बाजारात आली. टाकीत अल्कोहोल किती हे मोजायला त्यांनी महागडा वेगळा सेन्सर बसवला नाही. असलेल्या ऑक्सिजन सेन्सरच्या वाचनावरून सॉफ्टवेअरच तो अंदाज बांधतं.

माझं म्हणणं असं, की धोरणानं इंधन बदललं असेल तर रस्त्यावर असलेल्या इंजेक्शनच्या (ईसीयूवर चालणाऱ्या) गाड्यांसाठी ई-२०चा नकाशा द्यायला कंपन्यांना कायद्यानं भाग पाडा. ज्या कंपनीला तो द्यायचा नसेल तिनं कुलूप उघडून द्यावं. गाडी विकत घेतली आहे, भाड्यानं नाही.

इचलकरंजी गॅरेज

साहेब, मुद्दा बरोबर आहे पण अर्धाच. माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक दुचाक्या २०२०च्या आधीच्या, कार्बोरेटरच्या. त्यात ना ईसीयू, ना सेन्सर. जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, जेवढा आहे तेवढंच पेट्रोल जाणार. ई-२० घातलं की मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, प्लग पांढरा येतो, सकाळी चोक देऊनही गाडी रडते. जेट बदलून, सुई एक खाच वर घेऊन भागवतो. ते काम हातानं होतं, कुणाचं लायसन लागत नाही.

खरा त्रास रबराचा. पेट्रोलचा पाइप कडक होतो, फ्लोटच्या झडपेचं टोक फुगतं, ओ-रिंग चिरते. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी आणि गंज. पेट्रोलियम मंत्रालयानंच ऑगस्ट २०२५मध्ये सांगितलं की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबराचे भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, खर्च किरकोळ. तुमच्या-माझ्यासाठी किरकोळ. दूध घालणाऱ्याला विचारा.

आणि इंजेक्शनच्या गाड्यांचं म्हणाल तर आमच्या स्कॅनरवर फॉल्ट कोड वाचता येतो, लिहिता काही येत नाही. गिऱ्हाईकाला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवावं लागतं. तिथं कोड पुसून देतात.

चाकण कॅलिब्रेशन

मी याच क्षेत्रात काम करतो, त्यामुळे धाग्याच्या मूळ मागणीला माझा ठाम विरोध आहे.

आधी आकडे. ई-१०साठी हवा-इंधन प्रमाण सुमारे १४.१, ई-२०साठी १३.५. फरक चार-साडेचार टक्के. सेन्सरवर चालणारी दुरुस्ती याच्या कितीतरी पट फरक सहज झेलते. ही शिकलेली दुरुस्ती बऱ्याच गाड्यांत पूर्ण थ्रॉटललाही लागू होते. म्हणजे नकाशा जुना आहे म्हणून इंजिन बिघडतंय हे चित्र अतिरंजित आहे. मायलेज घटतं त्याचं मोठं कारण असं, की एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. कुठलंही सॉफ्टवेअर नसलेली ऊर्जा निर्माण करत नाही.

ब्राझीलचं उदाहरण अर्धवट दिलंय. तिथे १९७५ पासून अल्कोहोलचा कार्यक्रम चालू होता. २००३ उजाडेपर्यंत तिथल्या टाक्या, पंप, इंजेक्टर, रबर सगळं अल्कोहोल सोसणारं झालेलं होतं. तरीही थंडीत गाडी सुरू व्हावी म्हणून बॉनेटखाली पेट्रोलची वेगळी छोटी टाकी द्यावी लागली. सॉफ्टवेअर शेवटचा तुकडा होता.

आणि कुलूप उघडलं तर काय होईल हे पुण्याच्या रस्त्यांवर रात्री ऐकू येतं. आजही जी मंडळी बाहेरून ईसीयू रिमॅप करून घेतात ती ई-२०साठी करत नाहीत. ताकद वाढवायला आणि सायलेन्सरमधून फटाके वाजवायला करतात. त्यात धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो. बीएस-६च्या प्रदूषण नियमांमुळे जे मिळवलं ते एका लॅपटॉपनं घालवता येतं. म्हणूनच सायबर सुरक्षा आणि सॉफ्टवेअर अपडेटसाठी एआयएस-१८९ आणि १९० ही मानकं आली. ब्रेक आणि इंजिन एकाच जाळ्यावर बोलतात. तिथे कुणालाही लिहू देणं मला मान्य नाही.

मुक्तस्रोत

चाकणकर, तुमच्या अनुभवाचा आदर ठेवून सांगतो, "बंद ठेवलं की प्रदूषण आटोक्यात राहतं" हा युक्तिवाद सप्टेंबर २०१५मध्ये संपला. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमधलं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं प्रदूषण कमी करायचं. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. ही लबाडी रस्त्यावरच्या गॅरेजवाल्यानं केलेली नव्हती. ती कंपनीच्या आत झाली आणि बंद कोडच्या आड वर्षानुवर्षं टिकली.

त्याच वर्षी जॉन डीअरनं अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाला काय सांगितलं ते आठवा. ट्रॅक्टरच्या मालकाकडे सॉफ्टवेअर वापरायचा केवळ गर्भित परवाना असतो, मालकी नसते. हा विचार तिथेच थांबला असता तर हरकत नव्हती, पण तो आपल्याकडच्याही गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरात येऊन बसलाय. अमेरिकेनं २०१५मध्येच वाहनाची दुरुस्ती, निदान आणि कायदेशीर बदल यांसाठी कुलूप उघडायला सूट दिली. कोलोरॅडोनं २०२३मध्ये शेतकऱ्यांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला.

आपला कायदा तर याहून उदार आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ कायदेशीर ताबेदाराला प्रोग्राम ज्या कामासाठी दिलाय त्या कामासाठी वापरता यावा म्हणून त्यात फेरफार करायची मुभा देतं. दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घ्यायला लागणारी माहिती काढायचीही मुभा देतं. २०१२मध्ये आलेलं कलम ६५अ कुलूप तोडण्याला गुन्हा ठरवतं, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. अडवतो तो मोटार वाहन कायदा, आणि तिथेही कलम ५२च! नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल नको, एवढं ते सांगतं. ई-२०साठी इंधनाचा नकाशा जुळवल्यानं नोंदणीतला कुठला तपशील बदलतो?

स्पीडुइनोसारखे मुक्त परवान्याचे ईसीयू आज जगभर हौशी लोक वापरतात आणि त्यात फ्लेक्स-फ्युएल सेन्सर जोडायची सोय आहे. म्हणजे तंत्र उपलब्ध आहे. अडसर परवान्याचा आहे.

चाकण कॅलिब्रेशन

फोक्सवॅगन पकडली गेली ती कोड वाचून नाही. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लोकांनी गाडीच्या मागे यंत्र लावून रस्त्यावर धूर मोजला म्हणून पकडली गेली. म्हणजे मोजमाप कडक हवं. कोड खुला असण्याशी त्याचा संबंध नाही. आणि स्पीडुइनो बसवलेली गाडी बीएस-६ची चाचणी पास होऊन दाखवा, मग बोलू.

मुक्तस्रोत

कोड खुला असता तर रस्त्यावर मोजायची वेळ येण्याआधीच कुणीतरी विचारलं असतं. मोजमाप आणि कोड, दोन्ही मागतोय मी.

शिरोळचा ऊसकरी

मोठमोठं वाचतोय. त्यात उसाचं कुठं दिसंना म्हणून लिहितो.

कायदा म्हणतो ऊस गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, द्या, नाहीतर १५ टक्के व्याज. कागदावर १९६६पासून आहे. २०२४-२५ला एफआरपी टनाला ३४०० झाली, पुढच्या हंगामाला ३५५०. साखरेची किमान विक्री किंमत मात्र २०१९पासून कित्येक वर्षं किलोला ३१ रुपयेच. साखर गोदामात पडून, दर महिन्याला सरकार ठरवील तेवढाच कोटा विकायचा. मग कारखाना पैसे आणणार कुठनं? इथेनॉल गेलं की तेल कंपनीचे पैसे काही आठवड्यांत येतात. आमच्याकडं बिलं वेळेवर निघायला लागली त्याला हे एक मोठं कारण आहे. शहरात गाडीचं मायलेज दोन किलोमीटरनं घटलं म्हणून सगळा कार्यक्रमच बंद करा म्हणणारे बघितले की वाईट वाटतं.

आणि धोरणाचं म्हणाल तर आम्हीच जास्त भोगलंय. ७ डिसेंबर २०२३ला ऐन हंगामात हुकूम आला, उसाच्या रसापासून इथेनॉल बंद. कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केलेल्या. नंतर थोडी सूट दिली, पण गेलेला हंगाम गेला. सॉफ्टवेअर उघडा नाहीतर झाका, रोज नियम बदलू नका एवढंच मागणं.

लातूरहून

दादा, तुमच्या बिलाबद्दल मला आनंदच आहे. पण पाण्याचा हिशोब या चर्चेत कुणी मांडला नाही. ज्या नीती आयोगाच्या अहवालातून वर मायलेजचे आकडे दिलेत, त्यातच लिहिलंय की उसापासून एक लिटर इथेनॉल बनायला सुमारे २८६० लिटर पाणी जातं. २०१६च्या उन्हाळ्यात आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्याच जिल्ह्यात ऊस उभा होता.

म्हणून मका, असं आता सांगतात. मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१.८६ रुपये दर दिला, उसाच्या रसाच्या इथेनॉलला ६५.६१. मग मका तिकडे वळला, कोंबडीखाद्य महागलं आणि मका निर्यात करणारा देश आयात करू लागला. वर अन्न महामंडळाच्या गोदामातला ५२ लाख टन तांदूळ २०२४-२५साठी इथेनॉलला दिला. तुम्ही नकाशाच्या परवान्यावर वाद घालताय आणि टाकीत काय जातंय हा प्रश्न "भांडून झालंय" म्हणून बाजूला ठेवलात. तो प्रश्न संपलेला नाही, पाषाणकर.

शिरोळचा ऊसकरी

ताई, लातूरला ऊस नको हे मलाही पटतं. पण पंचगंगेकाठी दर दोन-चार वर्षांनी पूर येतो, तिथं ऊसच तग धरतो. दोन्हीकडची जमीन एका मापानं मोजू नका.

पाषाणकर

लातूरच्या ताईंचं म्हणणं गंभीर आहे आणि त्यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा. इथे मी मुद्दाम मागणी अरुंद ठेवतोय, कारण रुंद मागणीचं काय झालं ते दिसलंय. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय आणि पंपावर प्रमाणाची पाटी मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ला फेटाळली. अमेरिकेत ई-१५च्या पंपावर कुठल्या सालानंतरच्या गाडीत ते घालावं याची पाटी असते. ब्राझीलमध्ये चालक पंपावर दोन दर बघतो, अल्कोहोल पेट्रोलच्या ७० टक्क्यांपेक्षा स्वस्त असेल तर ते घेतो. तिथे निवड आहे आणि निवड करायला लागणारी माहितीही आहे. आपल्याकडे दोन्ही नाहीत. नीती आयोगानं घटलेल्या ऊर्जेची भरपाई म्हणून करात सवलतीचा विचार सुचवला होता, तीही पंपावर दिसली नाही. मग निदान गाडी तरी जुळवून द्या.

चाकणकर, तुम्ही म्हणता फरक चार-साडेचार टक्क्यांचा आहे आणि सेन्सर तो झेलतो. मग कंपनीनं लेखी द्यावं की २०१७चं हे मॉडेल ई-२०वर सुरक्षित आहे आणि इंधनामुळे काही झालं तर जबाबदारी आमची. माझ्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत ई-१०पर्यंतच असं छापलंय. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर "काही होत नाही" असं तोंडी सांगतात, कागदावर द्यायला तयार नाहीत. सॉफ्टवेअर तुमचं असेल तर त्याची जबाबदारीही तुमची. मालकी ठेवायची आणि जबाबदारी सोडायची, हे चालणार नाही.

आणि सगळ्यांना लिहू द्या असं मी म्हटलेलं नाही. फक्त इंधनाच्या आणि ठिणगीच्या तक्त्यापुरतं, मर्यादेत, नोंदणीकृत गॅरेजला, बदलाची नोंद गाडीतच राहील अशा रीतीनं. ब्रेकला हात नको. ग्राहक व्यवहार खात्यानं डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात वाहनं आहेत. तिथे माहितीपुस्तिका आणि संपर्क क्रमांकांच्या पुढे जायला काय हरकत आहे?

चाकण कॅलिब्रेशन

लेखी जबाबदारीची मागणी रास्त आहे, तिला मी विरोध करणार नाही. मर्यादित तक्ते उघडणंही तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. पण प्रत्येक जुन्या मॉडेलचा नवा नकाशा म्हणजे पुन्हा डायनो (इंजिन चालवून मोजायचं यंत्र), पुन्हा उत्सर्जनाची चाचणी, पुन्हा मंजुरी. ज्या गाडीचं उत्पादन बंद होऊन दहा वर्षं झाली तिची टीमही आता नसते. हा खर्च कुणी करायचा? कंपनीवर टाकलात तर तो नव्या गाडीच्या किमतीत येईल.

पाषाणकर

कच्च्या तेलाच्या आयातीत परकीय चलन वाचलं याच्या जाहिराती सरकार देतं. त्या बचतीतून करा. आधी सर्वांत जास्त विकलेली दहा-पंधरा मॉडेलं घ्या, गाड्यांची चाचणी करणारी एआरएआय संस्था इथे पुण्यातच आहे.

इचलकरंजी गॅरेज

आणि कार्बोरेटरवाल्यांना जेट आणि रबराचा किट. त्याचा दर सरकारनं ठरवून द्यावा.

शिरोळचा ऊसकरी

करा की. फक्त तो खर्च इथेनॉलच्या खरेदी दरातनं कापू नका. बी-हेवी मळीपासनं केलेल्या इथेनॉलचा ६०.७३ रुपये दर २०२२-२३पासून हललेला नाही आणि एफआरपी दरवर्षी वाढतीय.