बाबांना यंदा जत्रेत उभं करावं का?

डिचोलीकर
आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी मराठी नाटक असतं. पालखी देवळात परतली, पावणी (देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव) आटोपली की रात्री बारा-साडेबाराला पडदा वर जातो, हे गोंयकारांना वेगळं सांगायला नको. बाबा त्या स्टेजवर एकतीस वर्षं उभे राहिले, बहुतेकदा औरंगजेब म्हणून. शाळेत पोरं मला 'औरंग्याचो पूत' म्हणायची. खलनायक असूनही बाबा आरडाओरडा करत नसत. म्हणायचे, "1681 ला दक्षिणेत उतरला आणि 1707 ला इथेच मेला, दिल्ली परत दिसली नाही. थकलेला म्हातारा आहे तो, ओरडेल कशाला?"

आता बाबा 76 वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात दाखवलं, अल्झायमर निघाला. पेज जेवून हात धुतला की विचारतात, "आज पेज ना?" पण तिसऱ्या अंकातलं स्वगत एका शब्दाची चूक न करता म्हणतात. परवा अंगणात पंचाच्या दशा तसबीच्या, म्हणजे जपमाळेच्या, मण्यांसारख्या बोटांनी ओढत आईला म्हणाले, "दरबार बरखास्त." आई म्हणाली, "बरें, पूण पयलीं गुळी घे."

यंदा पुन्हा ऐतिहासिक नाटक आहे. बाबा न बोलावता तालमीला जाऊन बसतात, काम मागतात. दिग्दर्शक माझाच चुलतभाऊ, तो "काका, बघूया" म्हणत वेळ मारून नेतो. एकदा त्याने उभं केलं, तर बाबा एकच वाक्य तीनदा म्हणाले. मागे बसलेली दोन पोरं हसली. मी बाबांना हाताला धरून घरी आणलं. फाटकापाशी विचारलं त्यांनी, "चुकलो का रे मी?"

आई म्हणते उभं कर. बहीण मडगावहून फोनवर म्हणते, गावाला तमाशा दाखवायचाय का? मला त्यांची काळजी वाटते की स्वतःची लाज, हेच कळेनासं झालंय.

पडद्यामागचा
वीसेक वर्षं प्रॉम्प्टिंग करतोय. विसरत नाही असा नट मी पाहिलेला नाही. दोन गोष्टी सांगतो. नवीन संहिता देऊ नका, मध्येच जुन्या नाटकाची वाक्यं येतील आणि समोरचा नट गडबडेल. जुनाच एखादा प्रवेश घ्या. दुसरं, विंगेतून प्रॉम्प्ट नको. अशी माणसं आवाज येईल तिकडे मान वळवतात, की प्रेक्षकांना कळलंच. वजीर म्हणून कुणाला तरी शेजारी उभं करा आणि त्यालाच कुजबुजू दे. बादशहाच्या कानाला वजीर लागलेला असतोच, कुणाला खटकणार नाही.

फोंड्याची सून
सासूबाईंना हाच आजार होता, म्हणून लिहिते. दिवस मावळला की या लोकांचा गोंधळ वाढतो. सासूबाई दिवेलागणीला स्वतःच्याच घरात बसून "मला घरी सोडा" म्हणत दाराशी जायच्या. सकाळी तीच बाई मजेत खोबरं किसायची. आणि तुम्ही रात्री साडेबाराला, तोंडाला डिंकाने दाढी चिकटवून, लाइटच्या उजेडात उभं करणार? दुपारी महाप्रसादानंतर सभामंडपात करा ना. आईंना मात्र माझा नमस्कार सांगा. 'पयलीं गुळी घे' वाचून हसले आणि मग डोळे पुसले.

आगाऊ
कटू बोलतो. लोक हसतील. जत्रेचा प्रेक्षक खाजं चघळत बसलेला असतो, तो चांगल्या नटालाही शिट्ट्या मारतो. कला अकादमीच्या स्पर्धेत परीक्षक निदान गप्प बसतात. 'त्यांना काही कळत नाही' अशी समजूत करून घेऊ नका. फाटकापाशी काय विचारलं ते तुम्हीच लिहिलंय.

डिचोलीकर
आगाऊ, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. राग आला होता, खोटं कशाला बोलू.

सभामंडपाचं बाबांना विचारलं. "दिवसाउजेडी दरबार?" म्हणाले, आणि विषय संपला. मग चुलतभावाने तोड काढली. जत्रेच्या दोन दिवस आधी शाळेच्या हॉलमध्ये रंगीत तालीम असते, संध्याकाळी चारला. त्या दिवशी ड्रेपरी येते, मेकअपवाला येतो, वाड्यावरची माणसंही येऊन बसतात. तिथे बाबांचा जुना प्रवेश घ्यायचा, जेमतेम सहा मिनिटांचा. वजीर मी. जन्मात कधी तोंडाला रंग लावला नव्हता. बहीण येते म्हणाली, पण मागे बसणार. जत्रेच्या रात्रीचं अजून ठरवलेलं नाही.

डिंकाची दाढी नको म्हणालेत. स्वतःचीच वाढवतायत. आज चौथा दिवस. रोज सकाळी आरशासमोर गालावर हात फिरवून मला विचारतात, "ही कशाला वाढवलीय रे?" मी सांगतो. मग ताठ होऊन बसतात.