गटवार अलर्टच्या यादीत आधी कोणता गट उघडावा?

प्रश्न

आमच्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये अलर्टचे गट पडतात आणि पडद्यावर प्रत्येक गटाची एकच ओळ दिसते: गटाचे नाव, अलर्टची संख्या, गटातल्या सर्वांत गंभीर अलर्टची तीव्रता आणि शेवटच्या बदलाची वेळ. यादी आधी तीव्रतेनुसार व मग संख्येनुसार लावलेली आहे. अडचण अशी, की एखादा स्विच (सर्व्हर नेटवर्कला जोडणारे उपकरण) बंद पडला की त्यामागच्या सगळ्या सर्व्हरचे अलर्ट एकत्र येऊन शंभर-सव्वाशेचा गट यादीच्या माथ्यावर जाऊन बसतो, आणि डेटाबेस सर्व्हरची डिस्क ९२ टक्के भरल्याचा एकुलता एक अलर्ट ‘वॉर्निंग’ म्हणून दुसऱ्या पानावर ढकलला जातो. गट पाडल्यामुळे गोंगाट कमी झाला हे खरे, पण आधी काय उघडावे हा निर्णय अजूनही पाळीवर कोण आहे यावरच ठरतो. क्रमवारी कशी लावावी, आणि त्यासाठी गटच निराळ्या पद्धतीने पाडायला हवेत का?

उत्तर १

संख्येनुसार लावलेली क्रमवारी सर्वप्रथम काढून टाका. गटात १२० अलर्ट आहेत याचा अर्थ १२० बिघाड आहेत असा होत नाही. त्या आकड्यातून मुख्यतः एवढेच कळते, की त्या ठिकाणी कोणीतरी भरपूर चेक (तपासण्या) लावून ठेवले आहेत. संख्या ओळीत दिसू द्या, तिच्यावर क्रम ठरवू नका.

दुसरी बाब तीव्रतेची. झॅबिक्स या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये ‘नॉट क्लासिफाइड’पासून ‘डिझॅस्टर’पर्यंत सहा पायऱ्या आहेत, आणि ट्रिगर (अलर्ट उठवणारा नियम) कोणत्या पायरीवर बसवायचा हे बहुधा टेम्प्लेट (अनेक सर्व्हरना लावायचा नियमांचा साचा) लिहितानाच ठरून जाते. म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवरची डिस्क आणि ग्राहकांचे व्यवहार सांभाळणाऱ्या डेटाबेसची डिस्क या दोहोंना एकच पायरी मिळते. आयटिल या आयटी-सेवा व्यवस्थापनाच्या पद्धतीत प्राधान्य हे परिणाम आणि निकड या दोहोंवरून काढले जाते, आणि नुसती तीव्रता यांपैकी एकही धड सांगत नाही. परिणामासाठी प्रत्येक होस्टवर (देखरेखीखालच्या सर्व्हर किंवा उपकरणावर) दोन टॅग सक्तीने लावा: तो कोणत्या सेवेचा आहे, आणि तो प्रत्यक्ष वापरातला आहे की चाचणीतला. निकडीसाठी टक्केवारीऐवजी उरलेला वेळ पाहा. तुमचेच उदाहरण घेऊ. ती डिस्क १००० जीबीची धरली, तर ९२ टक्क्यांना ८० जीबी जागा उरते. ती तासाला २० जीबीने भरत असेल तर हातात चार तास आहेत, आणि आठवड्याला २ जीबीने भरत असेल तर तो अलर्ट आज उघडण्याचे कारणच नाही. प्रॉमिथियस या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये ‘प्रेडिक्ट लिनियर’ हे फंक्शन नेमके याचसाठी आहे, आणि झॅबिक्समध्ये ‘टाइमलेफ्ट’.

उत्तर २

वरील उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु क्रम उलटा असावा असे वाटते. आधी गट दुरुस्त करा, क्रमवारीचे नंतर पाहू. स्विचमागचे सर्व्हर बंद नाहीत, ते केवळ आपल्याला दिसत नाहीत, आणि हा फरक यादीने दाखवायलाच हवा. नॅगिऑस या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरमध्ये होस्टला ‘पेरेंट’ (ज्याच्यामार्फत तो जोडला आहे ते उपकरण) नेमून दिला, की पेरेंट पडल्यावर मागचे होस्ट ‘डाउन’ न होता ‘अनरीचेबल’ होतात. झॅबिक्समध्ये हेच काम ट्रिगर डिपेंडन्सी (एक ट्रिगर दुसऱ्यावर अवलंबून ठेवण्याची सोय) करते, आणि ६.४ आवृत्तीपासून एखादी समस्या मूळ कारण व बाकीच्या तिची लक्षणे अशी मांडणीही करता येते; लक्षणे कारणाच्या ओळीखाली मिटलेली राहतात. डिपेंडन्सीत एक खाच मात्र आहे: सर्व्हर आधी तपासला गेला आणि स्विच नंतर, तर मधल्या काळात सर्व्हरचे अलर्ट उठून मोकळे होतात. म्हणून स्विचची तपासणी अधिक वारंवार ठेवा, किंवा सर्व्हरचा ट्रिगर लागोपाठ दोन-तीन तपासण्या फसल्याशिवाय उठू देऊ नका.

अलर्टमॅनेजर (प्रॉमिथियसच्या अलर्टच्या सूचना पाठवणारा भाग) वापरणाऱ्यांसाठी पर्याय ‘इन्हिबिट’ नियमांचा, म्हणजे एक अलर्ट चालू असताना दुसरे दाबून ठेवणाऱ्या नियमांचा. त्यात ‘इक्वल’खाली जी लेबले (अलर्टला जोडलेले टॅग) लिहितो ती दोन्ही अलर्टवर खरोखर आहेत याची खात्री करून घ्यावी, कारण लेबल दोन्हीकडे नसेल तरी अलर्टमॅनेजर ते दोन्हीकडे सारखेच आहे असे मानतो, आणि मग एका जागच्या स्विचमुळे भलत्याच जागचे अलर्ट दाबले जातात. ही चूक पडद्यावर दिसत नाही, कारण जे दाबले गेले ते समोर येतच नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. संख्येची क्रमवारी काढली आहे आणि टॅगचे काम हाती घेतले आहे. एक उपप्रश्न आहे. आमच्याकडे पूर्ण गट एकदम ॲक्नॉलेज करण्याची (म्हणजे ‘पाहिला’ अशी नोंद करण्याची) सोय आहे, आणि पाळीवरचे लोक ती सर्रास वापरतात. त्यानंतर त्याच गटात नवा अलर्ट आला तर तो हाताळलेल्या गटातच मिसळून जातो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. यावर काय करावे?

उत्तर ३

ॲक्नॉलेज हे त्या क्षणी गटात असलेल्या अलर्टपुरतेच लागू व्हावे, गटाच्या नावाला नव्हे. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असेल तर ती चालू करा. नसेल, तर गटाच्या ओळीत ‘न पाहिलेले अलर्ट’ असा स्तंभ घ्या आणि ज्या गटात तो आकडा शून्याहून अधिक आहे ते गट यादीत पुन्हा वर येऊ द्या. ओळीत दाखवायची तीव्रताही या न पाहिलेल्या अलर्टमधूनच काढा. असे केल्यावर चार तासांपूर्वी हाताळलेला ‘डिझॅस्टर’ आताच्या ‘हाय’ला झाकत नाही.

अलर्टमॅनेजरमध्ये ॲक्नॉलेज असा प्रकारच नाही, त्यामुळे लोक सायलेन्स (ठरावीक मुदतीपर्यंत सूचना बंद ठेवणारा नियम) लावतात. तो नुसत्या क्लस्टरच्या (एकत्र चालणाऱ्या सर्व्हरच्या समूहाच्या) नावावर लावला तर त्या क्लस्टरमध्ये नंतर उठणारे सगळेच अलर्ट त्यात गडप होतात. म्हणून सायलेन्समध्ये अलर्टचे नाव आणि होस्ट दोन्ही लिहावेत आणि मुदत दुरुस्तीला लागेल तेवढीच द्यावी. नवा अलर्ट आधीच्या गटात आला तर त्याची सूचना लगेच निघत नाही, हेही पाळीवरच्यांना सांगून ठेवा. मूळ सेटिंगमध्ये नव्या गटाची पहिली सूचना ३० सेकंद थांबते, त्याच गटात पडलेल्या भरीची सूचना जाण्यास ५ मिनिटांपर्यंत लागू शकतात, आणि गटात काहीच बदल नसेल तर तीच सूचना ४ तासांनी पुन्हा येते. डेटाबेससारख्या सेवांसाठी वेगळा रूट (सूचना कोणाला व कशी जावी याचा नियम) करून ही ५ मिनिटे एका मिनिटावर आणता येतात. सगळ्यांसाठीच कमी केली तर गट पाडण्याचा उपयोग उरत नाही.