शिष्यवृत्तीचे पैसे येईपर्यंत : तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ता
शिष्यवृत्ती मिळाली का, हे सगळेच विचारतात. मला वेगळं विचारायचंय. फी भरायची तारीख आणि पैसे हातात पडायची तारीख, यांच्या मधले महिने कसे काढलेत?

माझं सांगतो. २०११ला अभियांत्रिकीला लागलो तेव्हा ईबीसीची (आर्थिकदृष्ट्या मागासांची फी-सवलत) उत्पन्नमर्यादा एक लाख होती. (२०१६ नंतर वाढत ती आठ लाखांवर गेली. नाव आता राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, लोक ईबीसीच म्हणतात.) निम्मी फी माफ, पण उरलेली निम्मीही घरात नव्हती. आईची बोरमाळ सराफाकडे गेली ती दोन वर्षांनी सुटली. ती कधी काही बोलली नाही. लग्नाकार्यात मीच तिच्या गळ्याकडे बघायचो.

कॉलेजांची नावं नकोत. बाकी मोकळं लिहा.

मेसची वही
जिंतूरहून पुण्याला आले. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून स्वाधारला अर्ज केला (अनुसूचित जातीच्या अशा मुलामुलींना राहण्या-जेवणाचे पैसे देणारी सरकारी योजना). पुण्यासाठी वर्षाला ६०,००० : जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, वरखर्चाला ८,०००. कागदावर हिशोब चोख. पण भाडेकरार जोडायला सांगितला, आणि कॉटबेसिसवर पोरी ठेवणाऱ्या घरमालकीणबाई म्हणाल्या, "करारबिरार आम्ही करत नाही." तिसऱ्या खोलीला करार मिळाला. पहिला हप्ता आला तोवर परीक्षेचे फॉर्म भरून झाले होते. इतके दिवस मेसच्या काकूंनी वहीत मांडून जेवू घातलं. रविवारी मी पोळ्या लाटायला जायचे. त्यांनी सांगितलं नव्हतं. पैसे आल्यावर १४,२०० दिले, तर वरचे दोनशे त्यांनी परत केले.

वाहकाचा मुलगा
वडील एसटीत वाहक. पगार बँकेत, त्यामुळे उत्पन्नाच्या दाखल्यात एक रुपया लपत नाही. शिष्यवृत्तीच्या अडीच लाखांच्या मर्यादेवर गेलो. फ्रीशिपमध्ये, म्हणजे नुसत्या फी-माफीत, फी सुटली, पण निर्वाह भत्ता नाही आणि स्वाधारही नाही. बाकावरच्या मित्राचं दुमजली घर, खाली हार्डवेअरचं दुकान, दाखला ८४ हजारांचा. तो पार्टी द्यायचा, मी खायचो. राग त्याच्यावर नव्हताच.

सोयाबीन
माझं जरा लाजिरवाणं आहे.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो. त्यात कॉलेजची फीसुद्धा असते, ती आपण सात दिवसांत भरायची. पूर्वी ही फी परस्पर कॉलेजला जायची. माझे ३१ हजार आले ते नेमके जूनमध्ये. मेसेज वाजला तेव्हा अण्णा आणि मी कृषी सेवा केंद्रात उधारीवर बी मागत उभे होतो, आणि मागचं फिटल्याशिवाय दुकानदार बॅग द्यायला तयार नव्हता. मेसेज मी अण्णांना दाखवला. दाखवायला नको होता का, ते अजून ठरत नाही. तीन बॅगा बियाणं, खत, मागची उधारी. फी जमिनीत गेली.

कॉलेजातून आधी फोन आले, मग नोटीस बोर्डावर नावं लागली. आमच्या वर्गातली सतरा. कुणी बहिणीचं बाळंतपण केलं होतं, एकाने मोबाइल घेतला होता, तेही खरंच. बोनाफाइड अडवलं, एसटीचा पास निघेना, मग कधी दुधाच्या गाडीवर तर कधी चालत. दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन निघालं. भाव पडलेला होता, तरी आधी कॉलेजची पावती केली. अण्णा स्वतः आले होते. खिडकीशी नोटा दोनदा मोजल्या.

खिडकीपलीकडची
त्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी बसते. (तुमच्या कॉलेजातली नाही.) आमच्यावर राग निघतो, ते समजतं. पण निम्मे अर्ज नावावरून अडतात. आधारला 'बाळू', दाखल्यावर 'बाळासाहेब'. अर्ज 'सेंड बॅक' (दुरुस्तीसाठी परत) झाल्याचा मेसेज वडिलांच्या फोनवर जातो, ते शेतात. पोरगं मार्चमध्ये विचारतं, माझं काय झालं? महाडीबीटी, म्हणजे अर्ज भरायचं ते सरकारी पोर्टल, रोज उघडून बघत जा रे.

तिसरं अपत्य
ईबीसी एका कुटुंबातल्या दोनच मुलांना. ताईने घेतली, दादाने घेतली, मी तिसरी. हमीपत्र वाचेपर्यंत घरात कुणाला पत्ता नव्हता. मग 'कमवा व शिका'त ग्रंथालयाची कपाटं पुसली, पुस्तकांना नंबर चिकटवले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे साताऱ्यात रुजवलं, हे दर वर्षी भाषणात ऐकायचो. त्या दिवशी खुर्च्या आम्हीच मांडायचो. २०२४पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना आठ लाखांच्या आतल्या घरांतल्या पात्र मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. माझी पदवी २०२३ची!

पोस्टाचं खातं
पोर्टलवर 'पैसे जमा'. माझ्या बँकेत शून्य. पाच महिने हेलपाटे घातले. शेवटी कळलं की गावातल्या शिबिरात आजीसोबत गेलो असताना पोस्टाचं खातं काढलं होतं, आधार शेवटचं त्यालाच जोडलेलं. पैसे तिथे गुपचूप बसले होते.

फार्मसी, दुसरं वर्ष
सगळं वाचलं. माझा अर्ज कॉलेजच्या लॉगिनलाच पडलाय आणि पूर्ण फी भरायची उद्या शेवटची तारीख. सात हजार आहेत. खिडकीपलीकडच्या ताई, काय करू?

खिडकीपलीकडची
रडत प्राचार्यांकडे जाऊ नकोस. पात्र विद्यार्थ्यांकडून पूर्ण फी आगाऊ मागू नये, अशी शासनाची परिपत्रकं आहेत. तुझ्या टेबलावरच्या माणसाला ती माहीत असतात. महाडीबीटीच्या अर्जाची प्रिंट आणि मूळ दाखला घे. साध्या कागदावर हप्त्यांचा अर्ज लिही, दोन प्रती कर, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घे. सात हजार घेऊन जा, पण मागितल्याशिवाय काढू नकोस. साडेदहाला जा, अकरानंतर रांग लागते.